एका ब्रॅकेटचा हिशेब: जीवनचक्र विश्लेषण हातात घेताना

मी उत्पादन विभागातली. सायकल टाइम, सेटिंग, रिजेक्शन यांच्यातच माझा दिवस जातो. जीवनचक्र विश्लेषण, म्हणजे एलसीए (खाणीपासून भंगारापर्यंत वस्तूचा पर्यावरणावरचा भार मोजणे), माझ्या टेबलावर आले ते एका ग्राहकाच्या एकोळी ईमेलमुळे: ‘या ॲल्युमिनियम ब्रॅकेटचा कार्बन फूटप्रिंट कळवा.’ मी दोन दिवसांत एक्सेलमध्ये आकडा काढला आणि पाठवून मोकळी झाले. आकडा होता उणे ७ किलो. म्हणजे आम्ही एक ब्रॅकेट बनवला की हवेतला ७ किलो कार्बन डायऑक्साइड कमी होतो, आणि दोन शिफ्ट चालवल्या की दुप्पट पुण्य. तपासनीसाने त्या आकड्याभोवती लाल वर्तुळ काढले आणि शेजारी नुसते एक प्रश्नचिन्ह लिहिले.

ते उणे कुठून आले ते पुढे सांगते. पण त्यानंतर तोच ब्रॅकेट मी पहिल्यापासून पुन्हा मोजला, आणि आता कोणी ‘हे करायचे कसे’ म्हणून विचारले की त्या ब्रॅकेटचीच वही काढते.

प्रश्न आधी, काटा नंतर

या कामाला आयएसओची दोन मानके आहेत, १४०४० आणि १४०४४. दोन्हींची मुख्य आवृत्ती २००६ ची. त्यांत चार टप्पे दिले आहेत: हेतू आणि व्याप्ती ठरवणे, जमाखर्च मांडणे, परिणाम काढणे, अर्थ लावणे. कागदावर हे एकापाठोपाठ येतात, पण कामात तुम्ही चौथ्यावरून पहिल्यावर पाच-सहा वेळा परत येता. त्यामुळे पहिल्या टप्प्याची नोंद पेन्सिलीने करावी.

‘फूटप्रिंट कळवा’ हा खरा प्रश्नच नव्हता. फोन केल्यावर कळले की ग्राहकाला दोन पर्यायांतून एक निवडायचा आहे: अख्ख्या ठोकळ्यातून मिलिंग करून, म्हणजे फिरत्या हत्याराने कापून, काढलेला सध्याचा ब्रॅकेट, की फोर्जिंग करून, म्हणजे तापवलेला धातू साच्यात दाबून, आधीच जवळपास आकाराला आणलेला आणि मग थोडासाच कापलेला. एवढे समजले की कामाचा मोठा भाग गळून पडतो. दोन्हीकडे सारखेच असलेले पॅकिंग आणि पुढची वाहतूक यांचे ग्रॅम मोजत बसावे लागत नाही.

मग फंक्शनल युनिट, म्हणजे हिशेब नेमका कशामागे करायचा ते. विजेच्या युनिटशी याचा संबंध नाही. पुढे मी नुसते ‘युनिट’ म्हणेन तेव्हा ते विजेचे समजा. मी पहिल्यांदा ‘एक किलो तयार भाग’ धरला होता. किलोमागे हिशेब केला की भागात उगाच वजन ठेवणाऱ्याला बक्षीस मिळते. नंतर लिहिले: ‘ठरलेला भार १० वर्षे पेलणारा, तपासणीत पास झालेला एक ब्रॅकेट.’ यातले ‘तपासणीत पास झालेला’ हे शब्द फार महत्त्वाचे. ते असले की रिजेक्ट झालेल्या जॉबचा (मशीनवर केलेल्या भागाचा) सगळा भार आपोआप चांगल्या जॉबच्या अंगावर येतो.

हद्द आम्ही खाणीपासून आमच्या गेटपर्यंत ठेवली. ब्रॅकेट जागेवर बसलेल्या यंत्राच्या सांगाड्यात जाणार होता आणि दोन्ही पर्यायांचे वजन आणि आयुष्य सारखे होते, म्हणून ते चालले. हाच भाग गाडीत जाणार असता तर गेटपाशी थांबणे म्हणजे लबाडी झाली असती. गाडीत प्रत्येक जादा किलो वर्षानुवर्षे इंधन खातो, आणि वापराचा तो आकडा बनवण्याच्या आकड्याला सहज मागे टाकू शकतो.

आपल्या छपराखालचे आपण मोजायचे

सर्वांत आधी धातू. ठोकळा ३.२ किलोचा, तयार ब्रॅकेट ०.८ किलोचा, शंभरातले पाच रिजेक्ट. म्हणजे महिन्याच्या १,००० चांगल्या ब्रॅकेटसाठी १,०५३ ठोकळे, एकूण सुमारे ३,३७० किलो. ०.८ किलोच्या वस्तूसाठी ३.३७ किलो धातू. हा आकडा वहीत पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवला, कारण पुढे सगळे त्याच्याभोवती फिरले.

आत आलेले आणि बाहेर गेलेले वजन जुळलेच पाहिजे. हिशेबाने बुरादा आणि रिजेक्ट मिळून २,५७० किलो निघायला हवा होता. स्क्रॅपच्या पावत्यांची बेरीज आली २,८००. दोन दिवस मी चूक शोधत होते. शेवटी बुराद्याच्या बिनपाशी जाऊन हातमोजा घालून मूठभर उचलला, तर बोटांतून पांढरट कूलंट, म्हणजे कापताना थंडाव्यासाठी सोडतात ते तेल-पाणी, ओघळले. काट्यावर धातूबरोबर महिन्याला २३० किलो कूलंट जात होते. स्टोअरच्या रजिस्टरमधली कूलंटची उचल पाहिली तेव्हा तीही या आकड्याच्या आसपास बसली. वजन जुळत नसेल तर लगेच ‘इतर’ नावाची ओळ टाकून मोकळे होऊ नका. त्या फरकातच बहुधा काहीतरी सापडते.

आता वीज. माझ्याकडे एकाच मशीनचे तीन आकडे होते. नेमप्लेटवर जोडभार २२ किलोवॅट, सायकल १८ मिनिटांची, म्हणून ६.६ युनिट. क्लॅम्प मीटर लावून सायकलभर मोजले तर सरासरी ७ किलोवॅट, म्हणजे २.१ युनिट. आणि मशीनला वीज देणाऱ्या फीडरवर लॉगर (सतत नोंद ठेवणारा मीटर) लावून महिनाभराची वीज चांगल्या जॉबच्या संख्येने भागली तर ३.३ युनिट. नेमप्लेटचा आकडा सोडूनच द्या, तो केबल निवडायला असतो. बाकी दोन्ही खरे आहेत, पण ब्रॅकेटच्या नावावर टाकायचा तो ३.३. मधल्या १.२ पैकी थोडे रिजेक्ट जॉबनी खाल्ले, उरलेले मशीन नुसते उभे असताना गेले. हत्यार फिरवणारा स्पिंडल थांबलेला असतो, पण हायड्रॉलिक, कूलंटचा पंप, कंट्रोल, चिलर हे सगळे मिळून ४ किलोवॅट ओढत राहतात. एमआयटीतले संशोधक टिमोथी गुटोव्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टोयोटाच्या मशीनिंग लाइनची जी आकडेवारी मांडली, तिच्यात तर कमाल भारालाही प्रत्यक्ष कापण्याचा वाटा १५ टक्क्यांच्या आत होता. म्हणून लॉगर कमीत कमी एक पूर्ण आठवडा ठेवा, आणि त्या आठवड्यात सुट्टीचा दिवस येऊ द्या.

सुट्टीच्या दिवसाचे आणखी एक काम असते: कॉम्प्रेसर. सगळी मशीन बंद, हवा वापरणारे कोणी नाही, तरी कॉम्प्रेसर लोड होतो का, म्हणजे हवा भरू लागतो का, ते पाहायचे. मी स्टूल टाकून स्टॉपवॉच घेऊन बसले. २ मिनिटे लोड, ६ मिनिटे अनलोड, पुन्हा २, पुन्हा ६. लोडचा वेळ भागिले एकूण वेळ, म्हणजे कॉम्प्रेसरच्या क्षमतेच्या २५ टक्के हवा गळतीत जात होती. शांत शॉपमध्ये गळत्या नुसत्या कानाला ऐकू येतात, फुसफुस करत असतात. ही हवा सगळ्या मशीनना जात असल्यामुळे ब्रॅकेटच्या वाट्याला किती ते मशीनच्या तासांवरून वाटले: ०.६ युनिट. धुलाई आणि दिवे-पंखे मिळून आणखी ०.६. एकूण ४.५ युनिट.

कूलंटचे तेल, हातमोजे, इन्सर्ट (हत्याराची बदलायची पाती), पुसायचे कापड हे मी तासाभरात अंदाजाने भरले आणि पुढे गेले. पण किरकोळ गोष्ट गाळण्यापूर्वी एकदा विचारा की ती वजनाने किरकोळ आहे की परिणामाने. मॅग्नेशियमच्या कास्टिंगमध्ये वितळलेल्या धातूवर आवरण म्हणून सल्फर हेक्साफ्लोराइड वापरत आले आहेत. आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामान समितीच्या पाचव्या अहवालाप्रमाणे शंभर वर्षांच्या हिशेबात त्याचा तापवण्याचा जोर कार्बन डायऑक्साइडच्या २३,५०० पट. एक ग्रॅम निसटला तरी साडेतेवीस किलो. ‘एक टक्क्याहून कमी वजनाचे सोडा’ हा नियम अशा ठिकाणी पार तोंडावर आपटतो.

गेटबाहेरचे उसने घ्यायचे

खाण, ॲल्युमिना (खनिजातून काढलेली भुकटी), स्मेल्टर (तिच्यातून विजेने धातू काढणारा कारखाना) हे आपण मोजू शकत नाही. तिथे डेटाबेस लागतो. इकोइन्व्हेंट सर्वांत जास्त वापरला जातो, पण त्याला परवाना लागतो. सॉफ्टवेअर म्हणून ओपनएलसीए मोफत आहे आणि शिकायला पुरेसे आहे. सुरुवातीला मात्र साधी एक्सेल शीटच वापरा. सॉफ्टवेअरमध्ये चूक सुंदर आलेखाच्या आड लपून बसते.

इकोइन्व्हेंट वापरणाऱ्यांसाठी एक खाचखळगा: त्यात ‘मार्केट’ नावाने येणाऱ्या नोंदींत सरासरी वाहतूक आधीच धरलेली असते. त्यावर तुम्ही आपल्या ट्रकचे टन-किलोमीटर घातले की वाहतूक दोनदा मोजली जाते. अर्थात वाहतुकीवर लोक नको इतका जीव टाकतात. ३.३७ किलो धातू १,००० किलोमीटर मोठ्या ट्रकने आणला तरी अर्ध्या किलोच्या आतच कार्बन येतो.

जीव टाकायचा तो ॲल्युमिनियमच्या आकड्यावर. नवा, खनिजापासून केलेला धातू जगाच्या सरासरीने किलोमागे १५ किलो कार्बन डायऑक्साइड समतुल्यच्या (सगळे तापवणारे वायू त्याच मापात मोजून) आसपास पडतो. पण ही सरासरी फसवी आहे. एक किलो धातूला नुसत्या इलेक्ट्रोलिसिसमध्ये १४ युनिटच्या आसपास वीज लागते. आयपीसीसीने २०१४ मध्ये दिलेले मध्यक आकडे घ्या: कोळशाच्या विजेला युनिटमागे ८२० ग्रॅम, जलविद्युतला २४. म्हणजे त्याच १४ युनिटचे एका स्मेल्टरमध्ये साडेअकरा किलो, दुसऱ्यात एक तृतीयांश किलो. म्हणून पुरवठादाराला पहिला प्रश्न हा विचारा की धातू कुठल्या विजेवर वितळला. उत्तर येईपर्यंत सरासरी घाला, पण त्या चौकटीला पिवळा रंग द्या. माझ्या शीटमध्ये स्वतः मोजलेले हिरवे, कागदपत्रांवरून घेतलेले पांढरे आणि उसने पिवळे. पहिल्यांदा रंग भरले तेव्हा लक्षात आले की हिरवे खूप आहे, पण जवळपास सगळा कार्बन पिवळ्यात आहे.

उणे सात

आमच्या ठोकळ्यात निम्मा धातू पुनर्वापराचा होता. भंगारापासून धातू करायला नव्याच्या जेमतेम ५ टक्के ऊर्जा लागते, म्हणून त्या निम्म्याला मी किलोमागे पाऊण किलो धरला. सरासरी झाली ७.९ च्या आसपास. गुणिले ३.३७, म्हणजे साडेसव्वीस किलो. विजेला युनिटमागे ०.६ किलो धरून ४.५ युनिटचे २.७. बेरीज २९. इथपर्यंत सगळे ठीक होते.

मग मला वाटले की आपला बुरादा तर वितळवून पुन्हा वापरात जातो, त्याचे श्रेय मिळालेच पाहिजे. त्यामुळे कोणीतरी तेवढा नवा धातू बनवायचा वाचला! वितळवण्याचा खर्च आणि जळून जाणारा भाग वजा करून किलोमागे १४ किलोचे श्रेय धरले. २.५७ गुणिले १४, म्हणजे ३६. आणि २९ मधून ३६ गेले. आकडा उणे होतोच, पण त्याहून वाईट म्हणजे बुरादा जितका जास्त तितका ब्रॅकेट ‘हिरवा’. ठोकळा आणखी मोठा घेतला असता तर आम्ही जगच वाचवले असते.

चूक अशी की पुनर्वापराचा फायदा मी दोनदा खाल्ला: एकदा स्वस्त धातू आत घेताना, एकदा बुरादा बाहेर देताना. दोन्ही पद्धती मान्य आहेत, पण एका वेळी एकच. पहिलीला कट-ऑफ म्हणतात. आत येणाऱ्या पुनर्वापराच्या धातूचा फायदा घ्या, बाहेर जाणाऱ्या बुराद्याचे श्रेय शून्य. तिने आमचा ब्रॅकेट २९ किलो. दुसरीत सगळा धातू नवा समजायचा, ३.३७ गुणिले १५ म्हणजे साडेपन्नास, आणि मग बुराद्याचे ३६ वजा करायचे. विजेसकट उरतात १७. ब्रॅकेट तोच, बुरादा तोच, आकडे २९ आणि १७. म्हणून कोणी नुसता आकडा सांगितला की मी आधी विचारते, भंगाराची वाटणी कशी केली?

वाटणीबद्दल आयएसओ १४०४४ चा क्रम लक्षात ठेवण्याजोगा आहे. शक्य तर वाटणी टाळा: प्रक्रिया फोडून प्रत्येक जॉबची वेगळी मोजा किंवा हद्द वाढवा. नाहीच जमले तर वजन किंवा तास अशा भौतिक नात्याने वाटा. किमतीच्या प्रमाणात वाटणे सर्वांत शेवटी. माझा अनुभव असा की लोक शेवटच्या पर्यायापासून सुरुवात करतात, कारण किमती हाताशी असतात.

फोर्जिंगचा पर्याय याच दोन्ही पद्धतींनी मांडला. ठोकळा ३.२ ऐवजी १.२ किलोचा, मिलिंग कमी, फोर्जिंगची भट्टी जास्त, वीज साधारण साडेतीन युनिट. कट-ऑफने १२ किलो, दुसऱ्या पद्धतीने साडेचौदा. दोन्हीकडे फोर्जिंग पुढे आहे. पण एकीकडे १७ किलोंनी, दुसरीकडे जेमतेम अडीच-तीन किलोंनी. ग्राहकाला मी दोन्ही आकडे दिले. आणि फोर्जिंगच्या डायचे, म्हणजे साच्याचे, पोलादही विसरू नका. २०० किलोची डाय २०,००० जॉबवर वाटली तर जॉबमागे १० ग्रॅम, पण ऑर्डर ३०० जॉबचीच असेल तर जॉबमागे सुमारे ६७० ग्रॅम.

कार्बनशिवायचे

फक्त कार्बन मोजला की ते एलसीए होत नाही. युरोपीय आयोगाच्या पद्धतीत १६ प्रकारचे परिणाम आहेत: आम्लीकरण, जलाशयांत पोषकद्रव्ये साचणे, पाण्याची टंचाई, विषारीपणा वगैरे. सगळे सारखेच खोलात करू नका, पण एकदा सगळ्यांवरून नजर फिरवा. आमच्याकडे पूर्वी जॉब ट्रायक्लोरोइथिलीनने धूत. ते बंद करून गरम पाणी आणले तेव्हा धुलाईचा कार्बन वाढला, कारण ५०० लिटरची टाकी २५ वरून ६० अंशांवर न्यायलाच २० युनिट लागतात. कार्बनच्या एका स्तंभावर निर्णय घेतला असता तर कॅन्सरकारक द्रव ठेवून आम्ही स्वतःची पाठ थोपटली असती. सगळे परिणाम भारांक देऊन एका गुणात गोळा करण्याचा मोह मात्र आवरा. दोन उत्पादनांची तुलना जाहीर करायची असेल तर आयएसओ १४०४४ भारांकाला परवानगी देत नाही, आणि किमान तिघांच्या समितीकडून तपासणी मागते.

अनिश्चिततेसाठी सॉफ्टवेअरमध्ये माँटे कार्लो (आकडे हजारो वेळा यादृच्छिक बदलून निकाल पाहणे) असते. ते चालवण्याआधी हाताने एवढे करा: पिवळ्या चौकटींतल्या मोठ्या तीन आकड्यांना एकेक करून खालचे आणि वरचे टोक द्या, आणि निकाल उलटतो का ते बघा. आमचा स्मेल्टरचा आकडा कुठेही नेला तरी फोर्जिंगच पुढे राहिले. फरक मात्र रबरासारखा ताणला आणि आखडला. अहवालात तेच लिहिले.

टायमर

राहिली ती रात्री उभी राहणारी मशीन. ८ तास, ४ किलोवॅट, म्हणजे ३२ युनिट, १९ किलो कार्बन, रोज. मी बंद करायला सांगितले तर जुना ऑपरेटर म्हणाला, “मॅडम, थंड मशीनवर पहिले चार जॉब मापात येत नाहीत. स्पिंडल तापायला वेळ लागतो. वाया जातील.” मी हिशेब केला. चार ठोकळ्यांचा धातू आणि त्यांच्यावर गेलेली वीज, कट-ऑफने शंभराच्या वर किलो. म्हणजे मशीन रात्रभर चालू ठेवणारा तोच बरोबर होता. श्रेयाच्या पद्धतीने केले तर १८ विरुद्ध १९, बरोबरी. तोच म्हणाला, “तासभर आधी आपोआप चालू झाली तरी चालेल की.”

टायमर लावला. महिन्याला ७०० युनिट वाचतात, ब्रॅकेटमागे ०.४ किलो. टायमरचा फोटो सूचनाफलकावर लागला आहे. १७ किलो वाचवू शकणाऱ्या फोर्जिंगच्या डायचे ड्रॉइंग अजून सहीसाठी थांबले आहे.